पुसेगावचं घर दाखवलं तेव्हा

माझ्या थोरल्या भावाचं पुसेगावचं घर विकायचं ठरलं, तेव्हा मी माझ्या सहा महिन्यांच्या पोराला घेऊन तिथं गेले होते. मदतीला गेले होते, असं मी पुढं सगळ्यांना सांगत असे. खरं तर मला बोलावून घेतलं होतं, आणि कशासाठी ते तिथं गेल्यावर कळलं.

घर तसं वाईट नव्हतं. मातीच्या जाड भिंती, वर माळवद, मागं गोठा. पण त्या घरात वहिनीची दोन लेकरं गेली होती. पहिलं महिन्याचं व्हायच्या आतच, दुसरं नुकतं रांगायला लागलेलं. घर लाभत नाही, असं गावात उघड बोललं जायचं. आता वहिनीला पुन्हा दिवस गेले होते, अजून कुणाला कळण्यासारखं नव्हतं. या घरात मी बाळंत होणार नाही, असं तिनं दादाला एकदाच सांगितलं होतं. कुरुंद्याला तिच्या माहेराजवळ जागा मिळत होती, पण हे घर विकल्याशिवाय तिथं भिंत उभी राहणार नव्हती. गावातलं कुणी हे घर घेणं शक्यच नव्हतं. म्हणून दादानं गिऱ्हाईक शोधलं ते साखऱ्याकडचं. जन्मभर मेंढरांमागं फिरलेला एक म्हातारा होता. त्याच्या सुनेला दिवस गेले होते, आणि तिनं तरी छपराखाली बाळंत व्हावं एवढीच त्याची इच्छा होती.

दादाच्या अंगात संचारलंच होतं. माळवदावर नवी पांढरी माती पसरली, भिंती पोतारल्या, चौकटीला तेल लावलं. वहिनी आणि मी कोपरापर्यंत शेणात होतो. शेजाऱ्यांची बैलजोडी मागून आणून गोठ्यात बांधली. ती बैलं सारखी आपल्या घराकडं तोंड करून हंबरायची.

"दादा, बैलं खरं बोलून राहिलीत," मी म्हणाले.

दादा हसला नाही. माझ्यापुढं येऊन बसला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "बाई, बैलं कोन बघतंय? बायामानसं पाळना बघत्यात. उद्या तुझं पोरगं वहिनीच्या पाळण्यात घाल. तू काई बोलू नको. काय समजायचं ते ते समजतील."

मी वहिनीकडं पाहिलं. ती उठून पाळणा काढायला गेली होती.

सकाळी तिनं पाळणा टांगला, कड्या राखेनं घासून लख्ख केल्या. मी पोराला घेऊन उभी राहिले आणि माझे हात काही पुढं होईनात. तिची दोन्ही लेकरं त्याच पाळण्यात निजली होती. आत्ताच दूध प्यालाय, जरा वेळानं घालते, असं काहीतरी मी पुटपुटले. वहिनीला बरोबर कळलं.

"बाई, खाली माझं काई टाकलं न्हाई," ती म्हणाली. "तुमचंच धडपं टाका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी पोराखाली जुन्या लुगड्याचं धडपं मी माझंच टाकलं.

पाहुणे आले. म्हाताऱ्यानं भिंतींवर थापा मारून बघितल्या, माळवदावर चढून आला आणि खूश झाला. सून मात्र भिंतीकडं ढुंकूनही न बघता थेट पाळण्यापाशी जाऊन बसली. पोरच होती ती, माझ्याहून लहान.

"ह्याच घरात झालं का, आक्का?"

वहिनीचा हात पाळण्याच्या दोरीवर होता. "व्हय," ती म्हणाली.

"माझं पहिलं रानात झालं. न्हाई ऱ्हायलं." मग जरा थांबून तिनं विचारलं, "हितं ऱ्हाईल नव्हं?"

"ऱ्हाईल की."

तेवढ्यात पोरगं रडायला लागलं. माझा पान्हा दाटून आला, चोळी भिजली, मी पदर ओढून घेतला. "भुकंजलंय, पाजा की त्याला," ती पोर म्हणाली. वहिनी पोराला उचलून आतल्या खोलीत गेली, मागोमाग मी. मी त्याला पाजलं आणि वहिनी दाराला पाठ लावून उभी राहिली. आम्ही दोघी एकमेकींकडं बघू शकलो नाही.

घर विकलं गेलं. निघायच्या दिवशी सामान गाडीवर चढलं, तोवर ती पोर आपलं बोचकं घेऊन दारात हजर. सोंग अजून संपलं नव्हतं, म्हणून माझं पोरगं वहिनीच्याच कडेवर होतं. गाडीतल्या पाळण्याकडं बघत ती लाजत म्हणाली, "आक्का, एवढा पाळना ठेवून जा की. लई लाभाचा हाय."

"घे की, घे!" म्हणत दादा दोर सोडायलाच लागला. सगळं सुखासुखी पार पडल्याच्या आनंदात होता तो.

वहिनीनं पाळण्यावर हात ठेवला. "न्हाई. ह्यो द्यायचा न्हाई."

"काहून?" दादा म्हणाला, आणि मग त्याचं तोंड उतरलं. त्या पाळण्यात त्या पोरीचं लेकरू निजू नये, एवढंच वहिनीला हवं होतं. पण ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. ती नुसती पाळण्याची कड धरून उभी राहिली. मीही तोंड उघडलं नाही. त्या दिवसाची लाज मला अजून वाटते.

ती पोर कानापर्यंत लाल झाली. पुढं येऊन ती वाकली आणि तिनं वहिनीचे पाय धरले.

"चुकलं माझं, आक्का," ती म्हणाली. "लेकरावाल्या बाईला पाळना मागू न्हाई."