कपाळाचा पंचनामा

निनावी अर्जाचं एक बरं असतं. लिहिणाऱ्याला नाव लागत नाही, पुरावा लागत नाही आणि घाम तर अजिबात फुटत नाही. घाम फुटतो तो चौकशीला जाणाऱ्याला.

क्रांती इंगवले शेंडूरवाडीची तलाठी. सरकारनं आता त्या पदाचं नाव बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ असं लांबलचक करून ठेवलंय, पण गावात ते कुणाच्या तोंडात बसत नाही. सगळे आपले तलाठीबाईच म्हणतात. सकाळी कोल्हापुरात मंगळवार पेठेतनं निघायचं, एसटीत कुठंतरी दांड्याला लोंबकळायचं, नृसिंहवाडीच्या अलीकडच्या फाट्यावर उतरायचं आणि तिथनं उसाच्या कडेकडेनं पायी गाव गाठायचं. गेल्या पुराचे पंचनामे अजून अर्धवट, मतदार याद्या डोक्यावर, सातबाऱ्याच्या दुरुस्त्या उशाला. त्यात ह्या पेन्शनच्या तक्रारी. एक झालं की दुसरं. बाईनं वैतागायचं तरी किती!

निराधार बायकांना, विधवांना सरकार दरमहा पेन्शन देतं. मग गावातला कुणीतरी पोटदुखीनं उठतो आणि तालुक्याला अर्ज टाकतो, की अमकी फसवून खाती. अर्ज आला की कचेरी आधी काय करते, तर पेन्शन थांबवते. खरं-खोटं मागनं. कागद फिरत फिरत तलाठ्याकडं येतो: समक्ष जावे, जबाब घ्यावा, पंचांसमक्ष पंचनामा करावा, फोटोसह अहवाल द्यावा. फोटो मोबाईलवरच्या ॲपमधनं काढायचा, त्यात जागा आणि वेळ आपोआप उमटते, आणि चौकशी करणाऱ्यानं स्वतः त्या फोटोत उभं राहायचं. घरात बसून अहवाल लिहिणारे काही महाभाग निघाले म्हणून ही नवी अट. शिक्षा मात्र सगळ्यांना.

चोर सापडत नाहीत असं नाही. मेलेल्या आईची पेन्शन मजेत खाणारा लेक क्रांतीनं पकडलाय. दारात नवी कोरी गाडी उभी करून निराधार म्हणवणारा पठ्ठ्यासुद्धा पकडलाय. पण बहुतेक अर्ज बांधाच्या भांडणातले, नाहीतर भाऊबंदकीतले. दगड कुणीतरी भिरकावतो आणि लागतो गरिबाला.

ह्या खेपेचा अर्ज असा होता: तानाबाई केरबा माने ही विधवा पेन्शन खाते, परंतु कुंकू लावते, मंगळसूत्र घालते, हिरव्या बांगड्या भरते. घरात पुरुष माणूस राहतो. सबब तिने दुसरे लग्न केल्याचा दाट संशय आहे, कडक कारवाई व्हावी.

वाचून क्रांतीनं कपाळावर हात मारला. कारण शेंडूरवाडीनं काय केलं होतं ते तिला माहीत होतं. ग्रामसभेत ठराव झाला होता, की इथनं पुढं गावात नवरा मेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, आणि ज्यांचं आधीच काढलंय त्यांनी परत घालावं. हात वर झाले, टाळ्या झाल्या, पेपरात फोटो आला. गावातल्या विधवांना देवळात बोलावून हळदीकुंकू केलं. त्यात तानाबाई होती. आता गावानंच तिला लावलेलं कुंकू गावातलाच कुणीतरी सरकारला पुरावा म्हणून दाखवत होता. वा रे वा!

तानाबाई गोठ्यात शेण भरत होती. तलाठीबाई दिसल्या तशी हात धुऊन पुढं आली. उन्हानं रापलेलं तोंड, कपाळावर चांगलं बंद्या रुपयाएवढं कुंकू.

“या की बाईसाब. बसा. माझी पेन्शन का वं बंद झाली? बँकवाला म्हनतोय तालुक्याला इचारा, तालुका म्हनतोय तलाठ्याला इचारा. शुगरच्या गोळ्या संपल्यात माझ्या. पाय असा सुजलाय बघा.”

पेन्शनवरच तिच्या गोळ्या चालायच्या. पोटाला म्हशीचं दूध होतं, पण डेअरीचं बिल पेंडीतच जायचं. गोळ्या बंद, म्हणून पाय भप्प सुजलेला. क्रांतीनं तो पाय बघितला आणि तिचा आवाज मऊ झाला. तिनं अर्ज वाचून दाखवला. तानाबाई ऐकता ऐकता आधी हसली, मग लालेलाल झाली.

“दुसरं लगीन? ह्या वयात? आन् कुनाशी, म्हशीशी?”

“घरात पुरुष कोण राहतोय, मावशी?”

“पिराजी, माझा पाठचा भाऊ! गडहिंग्लजचा. म्हस व्यायला झाली म्हनून आलाय, म्हैना झाला हितंच हाय. ए पिराज्या, भाईर ये रं! बाईसाबास्नी आधार कार्ड दाव.”

पिराजी हातात चहाचा कप घेऊन बाहेर आला, आधार कार्ड दाखवलं आणि लाजल्यासारखा आत गेला. जबाब झाला. केरबाच्या मृत्यूचा दाखला पत्र्याच्या पेटीतनं निघाला. काम तसं सरळ होतं.

निघताना तानाबाईनं रीतीप्रमाणं करंडा आणला. घरी आलेल्या बाईला हळदीकुंकवाशिवाय कसं पाठवायचं? बोट कुंकवात बुडवून तिनं पुढं केलं आणि क्रांतीनं डोकं झटक्यात मागं घेतलं.

“नको मावशी. मला चालत न्हाय.”

तानाबाईचं बोट तसंच हवेत राहिलं. तिनं तेव्हा क्रांतीच्या कपाळाकडं पहिल्यांदा नीट बघितलं. मोकळं. गळ्यात नुसती बारीक चेन.

“कवा?” तिनं विचारलं.

“कोरोनात. तेच तलाठी होते. त्यांच्या जागी मला घेतलंय.”

“आरं देवा,” तानाबाई म्हणाली आणि करंडा पदराखाली झाकला.

क्रांतीला कुणी सक्ती केली होती असं नाही, बरं का. सासू भली, माहेर शिकलेलं. पण त्या पहिल्या दिवसांत कुणी काही लाव म्हटलं नाही, तिलाही सुचलं नाही, आणि मग वर्षं गेली. आरशाच्या कडेला चिकटवलेली एक टिकली अजून तिथंच आहे. रोज केस विंचरताना ती दिसते. काढून टाकत नाही आणि लावतही नाही. एवढ्याशा टिकलीसाठी घरात विषय कोण काढणार, पेठेतल्या बायकांच्या नजरा कोण झेलणार, असं म्हणून ती बस पकडायला पळते. दमलेल्या माणसाला साधी गोष्टसुद्धा डोंगरासारखी वाटते.

आता पंच हवे होते. पोलीस पाटील सयाजीराव पारावर बसले होते. ठरावाच्या दिवशी ह्यांनीच सगळ्यात आधी हात वर केला होता, भाषण ठोकलं होतं, पेपरातल्या फोटोत मधोमध उभे होते. क्रांतीनं पंचनामा पुढं धरला. ‘सदर महिला विधवा असून तिने पुनर्विवाह केलेला नाही’ ह्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“तलाठीबाई, लिवलंय ते बरोबर हाय. केरबाला मीच खांदा दिलाय. पर तिच्या गळ्यात मंगळसूत्र हाय की वं. उद्या कुनी म्हनलं, डोळं फुटलं हुतं काय पाटलाचं, तर?”

“तुम्हीच घाला म्हणालात न्हवं!”

“म्हनलो की. पर हात वर करणं येगळं आन् सही येगळी.”

असं म्हणून सयाजीराव वैरणीच्या निमित्तानं जे गेले ते संध्याकाळपर्यंत काही सापडले नाहीत. शेवटी गावातल्या आशा सेविकेनं आणि शेजारच्या पद्मावती मगदूम काकूंनी न कुरकुरता सह्या ठोकल्या. क्रांतीनं घाईत काढलेला तानाबाईचा एकटीचा फोटो जोडून अहवाल पाठवून दिला. सुटले एकदाची, असं तिला वाटलं.

कसलं सुटतंय! आठवड्याभरानं तालुक्याच्या कचेरीतनं कारकुनाचा फोन. “मॅडम, फोटो बदलून द्या. बाईचं मंगळसूत्र दिसतंय. असंच वर पाठवलं तर साहेब माझीच खरडपट्टी काढतील. आणि तुम्ही पण फोटोत नाही. अट माहीत नाही काय?”

“अहो, ठरावाची नक्कल जोडलीय ना मागं.”

“ठराव कोण वाचतंय, मॅडम? फोटो बघतात. एक काम करा, तेवढ्यापुरतं काढून ठेवायला सांगा तिला. कुंकू काय, पुसून परत लावता येतंय. आज दिलं तर आज बसवतो, न्हाईतर फाईल पुढच्या महिन्यात.”

पुढच्या महिन्यात! तोवर त्या पायाचं काय? क्रांती परत उसाच्या कडेनं चालत निघाली. ऊन टाळूवर. आपण काय सांगायला निघालोय हे तिला चालता चालता कळत होतं.

तिनं सांगितलं. तानाबाईनं शांतपणानं ऐकून घेतलं. मग उंबऱ्यावर बसली आणि पदराचं टोक उचलून कपाळाजवळ नेलं.

“पुसतो, बाईसाब. गोळ्या तर पायजेत. फकस्त एक सांगू? केरबा गेला तवा बायांनी मला धरून बांगड्या फोडल्या. मनगटात काच गेलती. ह्यो बघा वण. मी वराडत हुतो. मेलेल्या मानसासाठी रडायचं सोडून मी काचंसाठी रडलो. आज माझ्याच हातानं काढायचं म्हनता, काढतो. पर मला वाटलं हुतं, ते एकदाच असतंय.”

क्रांतीच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं लपवलंसुद्धा नाही. पुढं होऊन तिनं तानाबाईचा हात धरला आणि खाली आणला.

“ऱ्हाऊदे मावशी. पुसू नका. हाय तसं उभं ऱ्हावा. मी पण येतो फोटोत. बघू काय करत्यात ते.”

पिराजीनं मोबाईल धरला. गोठ्याच्या दारात दोघी उभ्या राहिल्या. तानाबाई ताठ, कुंकू ठळक. क्रांती शेजारी, घामेजलेली, मोकळ्या कपाळाची. फोटो ह्या खेपेला कारकुनाला टाळून थेट साहेबांकडं गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती फाट्यावर एसटीची वाट बघत होती. फोन वाजला. नवे नायब तहसीलदार विजयसिंह देसाई, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी क्रांतीला अजून डोळ्यांनी बघितलंही नव्हतं.

“इंगवले मॅडम, ती शेंडूरवाडीची तक्रार. फोटो समोर आहे माझ्या. अहो, खोडसाळ अर्ज आहे सरळ सरळ. कपाळ मोकळं, गळा मोकळा, चेहऱ्यावर काही नाही बिचारीच्या. बघताक्षणी विधवा दिसते की बाई! शेजारी कुंकू लावलेल्या त्या तुम्ही ना? तक्रार निकाली काढतो, पेन्शन चालू करायला सांगतो.”

एक ‘हो साहेब’ म्हटलं की झालं होतं. तानाबाईच्या गोळ्या आल्या असत्या, फाईल मिटली असती, क्रांती घरी गेली असती. सगळे कागद फिरून जे झालं नव्हतं ते तिच्या रिकाम्या कपाळानं करून दाखवलं होतं. पण पुढच्या अर्जाला काय? परत कुणीतरी तानाबाईचं कुंकू दाखवणार, परत कुणीतरी ते पुसायला सांगणार. आणि हात धरून पुसू नका म्हणाली होती ती कशाला?

“साहेब, एक दुरुस्ती आहे,” ती म्हणाली. “कुंकू लावलेली ती लाभार्थी. दुसरी मी.”

पलीकडं घसा साफ केल्याचा आवाज. “म्हणजे मॅडम, तुम्ही...”

“हो साहेब. माझे मिस्टर तलाठीच होते. पण फोटो बाजूला ठेवा आणि कागद बघा. मृत्यूचा दाखला आहे, भावाचं आधार कार्ड आहे, ग्रामसभेचा ठराव आहे. बाई विधवा आहे ते त्यात लिहिलंय. कपाळावर लिहिलेलं नसतं.”

पानं उलटल्याची खसखस झाली. बराच वेळ. क्रांतीनं डोळे मिटून घेतले. आता म्हणतील फेरचौकशी करा.

“आहे खरं सगळं,” साहेब शेवटी म्हणाले. आवाज उतरला होता. “कागदांवरच काढतो निकाली. पेन्शन चालू होईल, सांगा त्यांना. आणि मॅडम, सॉरी.”

“ठीक आहे, साहेब.”

“एक विचारू? राग मानू नका. खेड्यातली बाई लावते, गाव पाठीशी उभं राहतं. तुम्ही तर शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या. मग तुम्ही का असं...”

लांबनं एसटी येताना दिसली. दारापर्यंत माणसं लोंबकळत होती. क्रांतीनं पिशवी खांद्याला अडकवली.

“आमचं शहर आहे, साहेब,” ती म्हणाली. “आमच्यात ग्रामसभा नसते.”