रिकामी पाकिटं

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाय. पोरीपाशी नाय, देवापाशी बी नाय. तुम्हाला सांगतो — का, ते विचारू नका.

माझी बायको कडूबाई गेली. दहाव्याला समदे म्हणले, तात्यानं बायकोची लई सेवा केली. सेवा! एकेकाच्या तोंडात कोंबावी वाटली ती सेवा. पण गप बसलो. गप बसायची सवयच मला.

एचआयव्ही तिला माझ्याकडूनच आला — ट्रकवर होतो तवाचा. ते तिला ठाऊक होतं. मला पुढचं सांगायचंय.

तिला टीबी झाला. दोन्हीच्या गोळ्या सुरू झाल्या. खाल्ल्या की उलट्या. आशाताई दर आठवड्याला रिकामी पाकिटं बघून कार्डावर खूण करायची. त्यातच मनीषाचं, आमच्या पोरीचं लग्न निघालं. फुलंब्रीतलं घर पाहुण्यांनी भरलं. व्याह्यांना कळलं तर? सोयरीक मोडली तर? मी म्हणलं, पाहुणे जाईस्तोवर गोळ्या बंद.

"डॉक्टरीणबाई म्हणल्या, एक बी चुकवू नको," कडू म्हणली.

"डॉक्टरीणबाई येणार हाय का पोरीला नांदवायला?"

महिनाभर — रोज सकाळी मी ह्या हातानं एकेक गोळी पाकिटातून दाबून काढली, संडासात टाकली. रिकामं पाकीट आशाताईला दाखवलं. ती म्हणायची, "तात्या, नवरा असावा तर तुमच्यासारखा."

लग्न पार पडलं. खोकला परत आला — आता साध्या गोळ्यांना न जुमानणारा टीबी. शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं विचारलं, गोळ्या चुकल्या का? कडू माझ्याकडं बघत होती. आन् मी काय म्हणलो? "हिनंच टाकल्या असतील. अडाणी बाई हाय."

डॉक्टरीणबाई तिला लई बोलल्या. तिनं मान खाली घालून ऐकलं. एक शब्द बोलायला काय झालं होतं तिला? राग येतो मला तिचा — अजून येतो. कोणाचा राग कोणावर काढतो मी! दवाखान्यातून निघून क्रांती चौकात आल्यावर एवढंच म्हणली, "चला, भूक लागली."

नव्या गोळ्यांनी अंग काळं पडलं तिचं. पण एक चुकवली नाय. रोज रिकामं पाकीट माझ्यापुढं ठेवायची. शेवटपतोर.

दवाखान्याच्या कागदावर लिवलंय — रुग्णानं स्वतः औषध बंद केलं. मनीषानंच वाचून दाखवलं, आन् मेलेल्या आईवर चिडून रडली. तवा बी मी गप.

औषध मी बंद केलं. तिनं नाय. मी.