तिसरी पिन

बारान्किया या बंदराच्या शहरात, रेबोलो वस्तीत, एलिएसेर ओरोस्कोला सगळे मास्तर म्हणत. तरुणपणी तो बंदरावर बोटींचे रेडिओ दुरुस्त करायचा. पुढे पिकोसाठी ॲम्प्लिफायर बांधू लागला. पिको म्हणजे माणसाहून उंच, भडक रंगवलेले स्पीकर. शनिवारी ते गल्लीत उभे राहिले की अख्खी गल्ली नाचायची. ट्रान्स्फॉर्मरच्या तारेचे वेढे मास्तर हातानेच घालायचा. वेढे मोजताना कुणी हाक मारली तर ओ द्यायचा नाही.

अकरा वर्षांपूर्वी त्याने हे काम सोडलं. त्याचा दोस्त विल्फ्रिदो, ‘इग्वाना’ नावाच्या पिकोचा मालक, कार्निव्हलच्या शनिवारी माइक हातात असतानाच कोसळला. डॉक्टर म्हणाले, हृदय. तेव्हापासून मास्तर फक्त पंखे आणि मिक्सर दुरुस्त करी. दोस्ताच्या दुःखानेच त्याने हे काम सोडलं असं समजून त्याच्या दारावरून जाताना बायका आवाज खाली आणत. हा मान त्याला सोसत नसे, कारण खरं काय ते एकट्या त्यालाच माहीत होतं.

त्या शनिवारी इग्वानाच्या ॲम्प्लिफायरमधून सारखा घूं आवाज येत होता. अर्थिंगचा घोटाळा होता. शोधायला तासभर तरी लागला असता. “मास्तर, लोक ताटकळलेत,” विल्फ्रिदो म्हणाला, “ती तिसरी पिन काप आणि मोकळा हो.” सगळेच तसं करत. मास्तरने पक्कड घेतली. एक प्लग ॲम्प्लिफायरचा, एक माइक ज्याला जोडायचा त्या डब्याचा. दोन्हींची अर्थिंगची पिन कापली. आवाज गेला. विल्फ्रिदोने त्याच्या कपाळाचा मुका घेतला. मग नाचाआधी धूळ बसावी म्हणून नेहमीप्रमाणे गल्लीत पाणी मारलं गेलं, आणि विल्फ्रिदो अनवाणी त्या ओल्या मातीत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी, मातीसाठी विल्फ्रिदोचं घर माणसांनी भरलेलं असताना, मास्तरने दोन्ही वायरींना नवे, तीन पिनांचे प्लग बसवले. कुणी विचारलं नाही. तेव्हापासून इग्वाना लावला की पुन्हा घूं यायचा. शेजारी म्हणत, यंत्र मालकासाठी रडतंय.

आणि आता, मंगळवारी सकाळी, विल्फ्रिदोची मुलगी यादिरा ते यंत्र हातगाडीवर घालून त्याच्या दारात उभी होती.

“मी पंखे करतो, पोरी.”

“मग याला पंखा समजा. घूं घूं तर तसंच करतंय.”

“दुसऱ्या कुणाला दाखव.”

“दाखवलं. तो म्हणाला, तिसरी पिन काप, पाच मिनिटांचं काम आहे. म्हटलं, बांधलं ज्यांनी त्यांना आधी विचारावं.” तिने गाडीवरून माइकचा डबा उचलला. “शनिवारपासून पिको मी चालवणार आहे. आई म्हणते, बायकांनी कधी चालवलाय का. म्हटलं, बायकांनी इतकी वर्षं तो आवाज ऐकलाय, तेवढं शिक्षण पुरे.”

मास्तरने दार पूर्ण उघडलं.

यंत्र टेबलावर आलं. खालचा पत्रा काढला तेव्हा त्याला स्वतःचंच जुनं काम दिसलं. वायरी नीट वळवून, मेणाच्या दोऱ्याने बांधलेल्या. त्याने बटण दाबलं, काचेचे व्हॉल्व्ह तापू दिले. मग टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून तो आवाज आला, खालच्या पट्टीतला, न थकणारा.

त्याने माइकच्या डब्याकडून यंत्रात येणारी वायर उपटली. आवाज थांबला. पुन्हा लावली, पुन्हा आला.

“म्हणजे दोष डब्यात?” यादिराने विचारलं.

“दोष दोन्हींतही नाही. हा डबाही जमिनीला जोडलेला, हे यंत्रही जमिनीला जोडलेलं, आणि दोघांना जोडणारी ही वायर. जमिनीकडे जायला दोन वाटा झाल्या की वीज त्यांत गोल गोल फिरत बसते. तेच ऐकू येतं.”

“मग एक वाट बंद करायची.”

“हो. पण कुठली, ते महत्त्वाचं.”

ती वायर खुपसायचं यंत्राचं सॉकेट त्याने पत्र्यापासून सोडवलं. मध्ये फायबरचा वॉशर घातला. यंत्रातल्या सगळ्या अर्थच्या वायरी सोडून एकाच स्क्रूखाली आणल्या आणि तिथून एका छोट्या रेझिस्टरने पत्र्याला जोडल्या. भिंतीतून येणारी अर्थिंगची वायर मात्र होती तशीच पत्र्याला राहू दिली. यादिराने आणलेला युका कंदाचा उकडलेला बोयो आणि चीज तसंच पानात पडून होतं. कथलाचा डाग देताना त्याचा हात दोनदा थांबला, तेव्हा तिने दिवा जवळ धरला.

बटण दाबलं. व्हॉल्व्ह लाल झाले. ती वाकून स्पीकरला कान लावून बसली.

“काहीच नाही,” ती म्हणाली. मग हसली. “मास्तर, काहीच ऐकू येत नाहीये.”

काम सुरू केल्याला घड्याळात तास व्हायला पाच मिनिटं कमी होती.

“आता कधी दुसऱ्या गल्लीत जाऊन पुन्हा घूं आला ना, तर सरळ पक्कड घेते,” ती वायर गुंडाळत म्हणाली. “दर वेळी गाडा ओढत कोण येणार? पपांच्या वेळी तर पिन नव्हतीच. मला आठवतंय, प्लगला दोनच पाय.”

“नाही कापायची.”

“पपांचं काय अडलं?”

मास्तर खाली बसला. तो गप्प राहिला असता तर ती घरी गेली असती, शनिवारी तिने त्याचं नाव माइकवरून घेतलं असतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. आणि एखाद्या घाईच्या दिवशी तिनेही पाणी मारलेल्या गल्लीत उभं राहून माइक उचलला असता.

“त्या पिना मी कापल्या होत्या,” तो म्हणाला. “त्याच दिवशी. ट्रान्स्फॉर्मरमधून वीज पत्र्यावर आली, पत्र्यावरून माइकवर. जायला दुसरी वाट नव्हती. तुझ्या बापाचं हृदय चांगलं होतं.”

यादिराने गुंडाळलेली वायर टेबलावर ठेवली. बाहेर कुणी तरी आंबे विकत ओरडत गेलं.

“नवे प्लग?”

“मीच बसवले. मातीच्या दिवशी.”

“आम्ही सगळे घरात होतो.”

“हो.”

“आई अजून म्हणते, मी त्याला मीठ जास्त घालायचे.” तिचा आवाज चढला नव्हता. “अकरा वर्षं झाली. स्वतः मीठ खात नाही ती.”

मास्तरला हे माहीत नव्हतं.

“तेव्हाही एवढाच वेळ लागला असता?” तिने विचारलं.

“एवढाच.”

तिने यंत्राचा पत्रा स्वतः लावला, चारही स्क्रू पिळले. मग म्हणाली, “उचला त्या बाजूने.” दोघांनी मिळून ते गाडीवर ठेवलं.

“आईला मी नाही सांगणार,” ती म्हणाली. “तुम्ही सांगायचं.”

“कधी येऊ?”

“शर्ट घाला.”

तो आत गेला, खुंटीवरचा पांढरा शर्ट चढवला, बटणं लावायला वेळ लागला. ती थांबली होती, पण त्याच्याकडे बघत नव्हती. मग तिने गाडी ओढायला घेतली. उन्हात गल्ली पांढरी झाली होती, रस्ता खड्ड्यांचा. यंत्र कलंडू नये म्हणून त्याने मागून दोन्ही हात त्यावर ठेवले आणि तिच्या मागे चालू लागला.