अंगठ्याचं सूत

बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून आम्ही सोलापुरात आलो, ते एका यंत्रमाग कारखान्याच्या भिंतीला चिकटलेल्या खोलीत. दिवसभर खडखडाट. ओट्यावर पोर रडलं तर आत ऐकू येत नसे, आणि ओट्याच्या खाली लगेच रस्ता. सुताचे गठ्ठे भरलेले ट्रक तिथून जायचे. वडील मिलमध्ये, आई घरी रहाटावर मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. रहाट उजेडासाठी खिडकीशी, त्यामुळे तिची पाठ दाराकडे.

मग तिने डोकं लढवलं. चार पदरी पिळलेल्या सुताचं एक टोक माझ्या दीड वर्षाच्या भावाच्या करदोट्याला, दुसरं तिच्या पायाच्या अंगठ्याला. अधूनमधून ती अंगठा ओढायची. पलीकडून हिसका आला की पोर जागेवर आहे. शिवाय ओट्यावर राखण करायला मी होतेच, सात वर्षांची. पण सूत असताना माझी गरज काय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला एका जागी बसवत नसे. आजही बसवत नाही.

एके दुपारी कोपऱ्यावर चित्रांची पेटी घेऊन खेळवाला आला. आमच्या आळीत तो पैशांऐवजी टाकाऊ सुताचा गुंता घेऊनही खेळ दाखवायचा, आणि गुंत्याला आमच्याकडे काय तोटा. भावाला एकटं सोडायची हिंमत नव्हती, म्हणून मी फारच शहाणपणा केला. त्याच्या करदोट्याचं सूत सोडलं आणि शेजारणीच्या करडाच्या गळ्यात बांधलं. आईने अंगठा ओढला. करडाने मान झटकली. आई निवांत. मी भावाचा हात धरून कोपऱ्यावर गेले.

पेटीच्या भोकाला डोळा लावायचा तर दोन्ही हात कपाळाशी धरावे लागतात. मी भावाचा हात सोडला. आत एक महाल होता, मग एक रेल्वे. मी डोळा काढला तेव्हा भाऊ नव्हता.

मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळाले. ट्रकखाली वाकून पाहिलं. खेळवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मला काय म्हाईत." घरी जाऊन सांगावं तर करडू. न सांगावं तर भाऊ. मी रस्त्यातच खाली बसले. तेवढ्यात भिंतीपलीकडचा खडखडाट जरा निराळा वाटला. रोजच्या आवाजातला एक माग कमी झाला होता. आणि माग भरदिवसा कुणी उगाच बंद करत नाही.

मी कारखान्यात शिरले. म्हाताऱ्या विणकराने भावाला काखेत घट्ट धरलं होतं, भावाचे दोन्ही हात तेलाने काळे. बंद मागाचा पट्टा अजून हलकेच डुलत होता. तो तेलुगू बोलणारा माणूस, मराठी अडखळत बोलायचा. त्याने पट्ट्याकडे बोट केलं, मग भावाची बोटं एकेक करून माझ्यासमोर मोजली, पाच आणि पाच. "घरी ने," एवढंच म्हणाला. मला एक सणसणीत थप्पड मारली असती तर बरं वाटलं असतं.

आईची पाठ अजून दाराकडेच होती. मी करडू सोडलं, भावाला बांधलं आणि त्याचे हात माझ्या परकराला पुसले. आईने अंगठा ओढला. मी सुताला हिसका दिला.

संध्याकाळी तिने सूत सोडायला घेतलं आणि थांबली. दिवसाला शेकडो तुटके धागे सांधणारी बाई, बोटांना कळलं.

"ही गाट माजी न्हाय," ती म्हणाली. मग माझ्या परकरावरचे काळे डाग बघत राहिली. मी सगळं सांगून टाकलं. तिने मला मारलं नाही, वडिलांनाही काही बोलली नाही. भावाला मांडीवर घेतलं आणि त्याचे हात राखेने घासत बसली, तेल निघून गेल्यावरही.

दुसऱ्या दिवशी तिने सुताचं तिच्याकडचं टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलं. "आता तू बग," म्हणाली आणि पाठ करून रहाटाला बसली. मला तिच्यामागे बसवलं होतं, तोंड भिंतीकडे करून. मागे वळायचं नाही.

मी ओढलं. हिसका आला. पण तो भावाचा कशावरून? परत ओढलं. सूत जरा सैल पडलं की माझा जीव खालीवर व्हायचा. दुपारपर्यंत अंगठा लालबुंद झाला. बाहेर भाऊ बिचारा माझ्या हिसक्यांना कंटाळून भोकाड पसरत होता, ते मला ऐकू येत नव्हतं. मी ओढतच होते.