तीनचा आठ

वडिलांची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली आणि आम्ही बालीगंजला राहायला आलो. वर्षभरात मला केंद्र सरकारच्या एका कचेरीत पंच ऑपरेटरची नोकरी लागली. हे सत्तरच्या दशकातलं. तेव्हाचा कॉम्प्युटर जाड कागदाच्या कार्डांवरची भोकं वाचायचा. प्रत्येक कर्मचाऱ्याचं एक कार्ड. हुद्दा, जन्मतारीख, सगळं भोकांत. आम्ही सहाजणी दिवसभर भोकं पाडायचो.

एका सकाळी दिल्लीहून चौकशी अधिकारी आले. आमच्या बडोबाबूंच्या, म्हणजे हेडक्लार्कच्या, जन्मसालाचा शेवटचा आकडा सेवापुस्तकात तीन होता आणि कार्डावर आठ. त्यामुळे ते पाच वर्षं उशिरा निवृत्त होणार होते. कुणाला तरी हाताशी धरून त्यांनी कार्ड बदलून घेतलं, असा आरोप होता. बडोबाबू म्हणत, "मी ते कार्ड आयुष्यात पाहिलेलं नाही." यावर कुणाचाच विश्वास बसला नव्हता.

"हे कोणत्या मशीनवर झालं, सांगता येईल?" अधिकाऱ्यांनी मला विचारलं. मी इतरांहून दोन महिन्यांनी जुनी होते.

येईल, म्हटलं. कार्ड उजेडात धरलं. आठाच्या भोकाच्या खालच्या कडेला कागदाचा बारीक तंतू राहिला होता. मग सहाही मशीनवर आठ पाडून पाहिले. चार नंबरच्या मशीनवर अगदी तसाच तंतू आला.

"चार नंबरवर कोण बसतं?"

"मी."

त्यांनी ते लिहून घेतलं.

आणखी एक गोष्ट मलाच दिसली आणि मीच सांगितली. प्रत्येक कार्ड दुसरी मुलगी तपासायची, आणि बरोबर असेल तर तपासणीचं मशीन त्याच्या कडेला खाच पाडायचं. या कार्डाला खाच नव्हती. तेव्हा मला आठवलं. पावसाळ्यात आमच्या मशीनच्या खोलीतला एअरकंडिशनर दोन दिवस बंद पडला होता. दमट हवेनं कार्डं फुगली आणि मशीननं डझनभर फाडली. ती समोर ठेवून मी नवी केली होती, आणि घाईत तपासायला द्यायची विसरले होते.

"फाटलेली कुठे आहेत?"

"आमच्या घरी."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. मी खुलासा केला. रद्दी कार्डांच्या मागची बाजू कोरी असते. त्यावर मी आईसाठी बंगाली शब्द लिहून ठेवत असे. आई ती गड्डी पिशवीत घालून गडियाहाटच्या बाजारात जायची.

संध्याकाळी मी गड्डी मागितली. आईनं एकेक कार्ड पाहत नाखुशीनं दिलं. "झिंगेचं नेऊ नकोस गं. दोडक्याला काय म्हणतात ते माझ्या लक्षात राहत नाही."

बडोबाबूंचं कार्ड सापडलं. कोपरा गेला होता, पण जन्मसालाचं भोक शाबूत होतं: तीन. मशीन भोक पाडताना तोच आकडा कार्डाच्या वरच्या कडेला शाईनं छापायचं; तो मात्र ओलीनं फुटून आठासारखा दिसत होता. मी शाई वाचली होती. भोक पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी कार्ड उलटं केलं. "कुमडो. ही काय सांकेतिक खूण?"

"लाल भोपळा, साहेब."

तेही लिहून घेतलं.

बडोबाबू निर्दोष ठरले. मला लेखी ताकीद मिळाली. सरकारी कागद घरी नेल्याबद्दल वेगळी. आणि तीनच्या हिशेबानं बडोबाबूंची निवृत्तीची अठ्ठावन्न वर्षं त्याच महिन्यात भरत होती.

शेवटच्या दिवशी ते आमच्या खोलीत आले. वयस्कर बंगाली माणसं तरुण मुलींना मा म्हणतात, तसं ते मलाही म्हणायचे.

"मा, ते कार्ड सापडलं नसतं तर?"

"तर तुम्हाला नोकरीवरून काढलं असतं."

त्यांनी थोडा विचार केला. "तेही आहेच," म्हणाले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "फार थंडी आहे बुवा तुमच्याकडे," आणि निघून गेले.

दुपारी माझं कामात लक्ष लागेना. सुपरवायझरनं विचारलं, तेव्हा डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.