मामाची दोन्हीकडून मारायची गोल्फची काठी

दादर, लालबाग, गिरगाव आणि पुन्हा दादर असा फेरा तुम्ही कधी मारणार असाल, तर हे वाचा. रस्त्यांची, खाण्यापिण्याची थोडीफार माहिती मिळेल. गोल्फबद्दल मात्र माझ्यावर विसंबू नका. संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत मी ह्याच फेऱ्यावर एका गोल्फच्या काठीपायी असा काही गोंधळलो, की तो गोंधळ अजून पुरता उतरलेला नाही.

तेव्हा मी नाशकात नुकता नोकरीला लागलो होतो. गावचा एक माणूस मुंबईहून निरोप घेऊन आला. लालबागच्या मामानं कामावर जाणं सोडलंय, बिऱ्हाड मोडून कोकणात जातो म्हणतोय! मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, मिलच्या सुतारखात्यात होता. त्यानं हौसेनं गोल्फच्या काठ्या केल्या होत्या. त्या दुकानात गेल्या आणि सगळ्या परत आल्या. का, ते त्याला कोणी धड सांगेना.

"तू जा आणि त्याला कामावर धाड," आई म्हणाली. "तुझ्या खोलीमागेच ते गोल्फचं मैदान आहे. तुला त्यातलं कळत असेल."

मला कुंपणापलीकडून काठ्यांच्या पिशव्या घेऊन चालणारे साहेब तेवढे माहीत. पण आईपुढं काय बोलणार? गेलो.

गाडीनं दादरला उतरलो आणि ट्राम धरली. नवे पैसे नुकतेच आले होते, कंडक्टर आण्यात बोलायचा आणि सुटे नव्या पैशात द्यायचा. मी दोन्हीत नापास. (आता ट्राम नाही. दादर पूर्वेहून लालबागकडे बस मिळते, पण सणासुदीला चालत गेलेलं बरं.) चाळीत पोचलो तर मामीनं बांगड्याचं तिखलं आणि भात पुढं ठेवला आणि कुजबुजली, "तुझो मामा हत्याराक हात लावणा नाय. तासणी, रंधो सगळा गुंडाळून ठेवलाहा."

मामा खिडकीत बसून होता. पूर्वी एका साहेबाची मोडकी काठी दुरुस्तीला आली, तेव्हा तिचं लाकूड त्यानं वासावरून ओळखलं होतं. मिलच्या मागावर धोट्याला, म्हणजे आडवं सूत ओवणाऱ्या लाकडी नळीला, टोला हाणणारी काठी असते ना, तिचंच ते विलायती लाकूड. मग मुकादमाला विचारून त्यानं मोडीत निघालेल्या काठ्या घेतल्या, शिसवीची डोकी बसवली, चामड्याची मूठ गुंडाळली. साहेब खूश झाला, त्यानं त्या धोबीतलावच्या एका दुकानात धाडल्या आणि स्वतः बदली होऊन गेला.

मी काठी हातात घेतली. सुरेख काम होतं. डोकं मात्र पुढून सपाट आणि मागूनही सपाट.

"मामा, हिला दोन तोंडं कशाला?"

"मगे काय एक?" तो माझ्याकडे बघतच राहिला. मीही त्याच्याकडे.

दुसऱ्या दिवशी काठी धोतराच्या फडक्यात गुंडाळून दुकान शोधायला निघालो. भायखळ्याचा पूल ओलांडून ट्राम थोडी पुढं गेली आणि मोर्चामुळं थांबली ती थांबलीच. उतरून चालत गिरगाव गाठलं. तिथं बटाटेवडा आणि पियूष घेतलं. पियूष आजही घ्या, पण उपाशीपोटी नको, झोप येते. बाहेर पडतो तर समोरून मोर्चा. एकानं माझ्या हातातली लांब गुंडाळी बघून विचारलं, "काय रे, झेंडा कुठाय?" मी गुंडाळी छातीशी धरली. तो म्हणाला, "विसरलास? चल, असाच चल." मी बराच वेळ 'झालाच पाहिजे' म्हणत चाललो, आणि मनापासून म्हणालो. वळणावर हवालदारानं बाजूला घेतलं.

"सोड ते फडकं. काय आहे हे?"

"गोल्फची काठी."

"कुणाला मारायला?"

"चेंडूला."

त्यानं काठी उलटीसुलटी केली, दोन्ही तोंडांवर बोट फिरवलं. "मारायची कुठल्या बाजूनं?"

"तेच विचारायला चाललोय, साहेब."

त्याला माझी दया आली असावी. त्यानं मला सोडलं.

दुकानाचे शेठ म्हातारे आणि बोलके निघाले. काठी मामानं केलीय हे ऐकून त्यांनी मागचं एक कपाट उघडलं. "बघ, ही सगळी पडेल मंडळी. विलायतची पण आहेत." एका काठीच्या लोखंडाला कंगव्यासारख्या फटी होत्या, पाण्यातला चेंडू मारायला. "चेंडू फटीत अडकतो. पाणी मात्र उडतं तोंडावर." दुसरीच्या डोक्याला स्क्रू होता, हवा तसा कोन करून एकाच काठीनं सगळे फटके मारायला. "स्क्रू ढिला झाला तर डोकंच चेंडूच्या पुढं जातं!" मग त्यांनी मामाची काठी हातात धरली. "लाकूड एक नंबर. पण जड लागते, आणि खेळणारा म्हणतो, ही मागून पण माझ्याकडे बघते. तुझा मामा डावरा आहे काय?"

"नाही."

"मग दोन तोंडं कशाला? मलाही सांग कळलं तर." निघताना त्यांनी एक जुना चेंडू हातावर ठेवला.

म्हणजे मामा मला विचारत होता, मी शेठना विचारलं आणि शेठ मलाच विचारत होते. परतताना मी पुरता वैतागलो होतो. मामा गावी गेला तर आईला काय तोंड दाखवणार?

सकाळी मामाला जवळजवळ ओढतच शिवाजी पार्कला नेलं. आदल्या दिवशी तिथं सभा झाली होती, व्यासपीठाचे बांबू अजून सोडत होते. मी म्हटलं, "मामा, तू मारून दाखव. मला बघू दे." तो नको नको म्हणत उभा राहिला. टोला मात्र असा बसला की चेंडू पार पलीकडच्या झाडांपाशी. फिरायला आलेले एक पेन्शनर टाळी वाजवून गेले.

आणि मामा हलेना. गुडघे वाकवून, काठीचं मागचं तोंड पुढं करून, झाडांकडे डोळे लावून उभा.

"मामा, कसली वाट बघतोयस?"

"परत येतलो मां तो?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आयुष्यभर त्यानं मिलमधले मागच बघितले होते. धोटा या टोकाला मारला की त्या टोकाहून परत येतो, पुन्हा मारायचा. पलीकडे कोणीतरी असतंच. म्हणून त्यानं दुसरं तोंड केलं होतं, उलट आलेला चेंडू अडवून लगेच परत धाडायला.

"मामा, तो परत येत नाही. आपण मारायचा, आणि आपणच त्याच्यामागं चालत जायचं."

"मगे समोर कोण आसता?"

"कोणी नसतं."

"कोणच नाय?" त्यानं काठीच्या मागच्या तोंडावर अंगठा फिरवला. मग म्हणाला, "आणि मी येडो, माझा काम वायट झाला म्हणान रडत बसलंय."

"दुसरं तोंड काढून टाक. शेठ घेतील."

"नाय काढूचंय. त्यांका नको तर नको." त्यानं काठी खांद्यावर टाकली. "चल, पाळी चुकात माझी."

तो खरंच कामावर गेला. काठी त्यानं मलाच दिली, ती घेऊन मी नाशकाला परतलो. आई खूश झाली. कोकणात जायचा विषय मामानं पुन्हा काढला नाही.

आता मामा नाही. काठी माझ्या दाराआड आहे. ती फसलेली वस्तू होती की तो खेळच अर्धा होता, हे मला अजून ठरवता येत नाही. परतल्यावर एका संध्याकाळी मी खोलीमागच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिलो. एका साहेबानं चेंडू मारला, पिशवी उचलली आणि एकटाच चालू लागला. तो दिसेनासा झाला, तरी मी तिथंच होतो, पलीकडून चेंडू परत येईल म्हणून.