गोजराबाईंनी तोडलेली काडी

शेलूबाजारच्या गोजराबाईंना संत्र्याच्या झाडावर वाळलेली काडी बघवत नाही. दुसऱ्याच्या बांधावरून जातानाही त्यांचा हात आपोआप वर जातो आणि कट् असा आवाज होतो. लग्न होऊन त्या इंद्रभानच्या घरी आल्या, तेव्हा सासऱ्यांनी त्यांना बागेतलं पहिलं काम शिकवलं ते हेच. संत्री तोडून झाली की झाडाची सल काढायची, म्हणजे वाळलेल्या काड्या हिरव्या लाकडापर्यंत छाटायच्या. नाहीतर रोग त्या काड्यांवरून खाली उतरतो. सल निघाली की झाड न्हाऊन आलेल्या पोरीसारखं दिसतं, असं त्या म्हणतात. पानावर अळी दिसली तर ती थेट चिमटीत जाते. हीच अळी पुढे फुलपाखरू होते हे त्यांना माहीत होतं, पण म्हणून तिची गय करावी असं त्यांना कधी वाटलं नाही.

अशा बाईने फुलपाखरं बघायला भूतानला जावं, यावर गावात बरीच करमणूक झाली.

याला कारण ज्योत्स्ना. ती इंद्रभानची धाकटी बहीण. कारंज्याच्या शाळेत विज्ञान शिकवते, निवृत्तीला आता वर्षच उरलं आहे. दरवर्षी ती फळ्यावर चार चित्रं गोल काढते: अंडी, अळी, कोष, फुलपाखरू. पण कोषातून फुलपाखरू बाहेर येताना तिने स्वतः कधी पाहिलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला एकदा तिने वर्गात बरणीत कोष ठेवला होता. तो फुटला नेमका रविवारी. सोमवारी शाळा उघडली तेव्हा बरणीला आपटून आपटून पंख फाटलेलं फुलपाखरू तळाशी पडलं होतं. मुलं बरणीभोवती जमली होती. त्यानंतर तिने कोष कधी वर्गात आणला नाही, आणि ते चौथं चित्र काढताना तिचा खडू जरा अडखळायचा. शाळा सोडण्याआधी एकदा तरी ते डोळ्यांनी बघायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

निसर्गप्रेमींच्या एका गटाची भूतानची सहल निघाली तेव्हा तिने शाळेतल्या अंजूबाईंबरोबर नाव दिलं. अंजूबाईंच्या सुनेचं बाळंतपण मध्ये आलं. इकडे ज्योत्स्नाचा गुडघा कुरकुरत होता. ती सरळ शेलूबाजारला आली.

"मी काय करू तिथं?" गोजराबाई म्हणाल्या. "फुलपाखरं त इथंई हायेत. माह्या बगीच्यात या, पायजे तेवढी दाखवतो."

"तुमी दाखवत नाई वयनी, तुमी मारता. चाला माह्यासंगं. चढावर धरायले कोणी पायजे मले."

इंद्रभान ओसरीवर तूर निवडत बसले होते. ते म्हणाले, "जाय. फक्त तिथल्या राजाची बाग छाटू नको म्हणजे झालं."

सामान भरताना ज्योत्स्नाला वहिनींच्या पिशवीत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली सिकेटर सापडली, काड्या छाटायची कात्री.

"हे कायले?"

"असू द्या. चालता चालता कामी पडते."

रेल्वेने दोन रात्री, मग गाडीने डोंगर. गोजराबाईंनी सातपुडा लांबून पाहिला होता. हे डोंगर तर ढगाच्याही वर निघालेले. त्यांवर पायऱ्या पायऱ्यांची शेतं होती. एवढ्याशा पट्टीत बैल वळवत कसे असतील, याचाच विचार त्या बराच वेळ करत राहिल्या. सहलीतली माणसं मात्र खाली बघून चालत. बांधावर कुणाचा झुमका हरवावा तशी वाकून, हळूहळू, गळ्यात कॅमेरे अडकवलेली. किंगा नावाचा वाटाड्या पुढे असे. पन्नाशीचा, गुडघ्यापर्यंतचा भूतानी झगा घातलेला, हिंदी मालिका बघून हिंदी शिकलेला. त्याने हात वर केला की सगळे जागीच थिजत. एकदा ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर फुलपाखरांचा थवा बसला होता, निळी, पिवळी, चट्ट्यापट्ट्यांची. पुण्याच्या एका डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. गोजराबाई ज्योत्स्नाच्या कानाशी म्हणाल्या, "एवढ्याईनं लहानपणी किती बगीचे खाल्ले असतीन व बाई."

ज्योत्स्नाने हसू दाबलं. तिला हसताना बघून गोजराबाईंना प्रवासाचा शीण वाटेनासा झाला.

शेवटचा मुक्काम देकी नावाच्या बाईच्या घरी होता. खाली दगडी भिंती, वर लाकडी मजला, अंगणात संत्र्याचं एक जुनं झाड. गोजराबाई देकीच्या मागे चुलीपाशी गेल्या. तेवढ्यात बाहेर किंगाने ज्योत्स्नाला झाडाशी बोलावलं आणि एक वाळकी काडी दाखवली. तिच्यावर वाळक्या पानाच्या घडीसारखं काहीतरी होतं, कमरेला बारीक दोरा बांधून टेकून बसलेलं. तो पॅरिस पीकॉकचा कोष होता. काळ्यावर हिरवी भुकटी उडवावी तसं अंग आणि मागच्या पंखांवर मोरपंखी निळा ठिपका, असं ते फुलपाखरू.

"दो-तीन दिन में निकलेगा, मॅडम," किंगा म्हणाला. "आप यहीं रहिए, पहाड़ मत चढ़िए. ये आपके लिए है."

रात्री जेवताना ज्योत्स्ना ते वहिनींना सांगणार होती, पण गोजराबाई दिवसभराच्या चालण्याने लवकर झोपी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सगळे वरच्या खिंडीकडे गेले. त्या गडबडीत वहिनींना सांगायचं राहून गेलं आणि ज्योत्स्ना गुडघ्याला शेक घेत आत पडून राहिली. देकी शेतावर गेली. गोजराबाई अंगणात एकट्या उरल्या आणि त्यांच्यासमोर ते झाड. किती वर्षांत कुणी हात लावला नव्हता कोण जाणे, नुसती सल साचली होती. त्यांनी थोडा वेळ दुसरीकडे पाहिलं. मग पिशवीतून सिकेटर आणली.

दुपारपर्यंत झाड मोकळं झालं. काड्यांच्या जुड्या बांधून त्यांनी चुलीशेजारी रचल्या. देकी परतली ती झाड बघून हरखलीच. तिने गोजराबाईंचे दोन्ही हात धरले, एक जुडी लगेच चुलीत घातली आणि त्यांच्यासाठी चहा टाकला. तो लोण्याचा, खारट चहा गोजराबाई इतके दिवस टाळत होत्या. आज त्यांनी तो आनंदाने प्यायला.

तेवढ्यात ज्योत्स्ना काठी टेकत बाहेर आली. दुसऱ्या हातात बसायला पाट होता. झाडाशी जाऊन ती उभीच राहिली.

"वयनी, इथं एक काडी होती."

"एक?" गोजराबाई खुशीत म्हणाल्या. "गाडीभर होत्या बाई. साऱ्या काढल्या. पाहा आता झाड."

ज्योत्स्ना पाटावर बसली. तिने हळूहळू सगळं सांगितलं, कोष, दोरा, दोन-तीन दिवस. सांगताना आवाज चढला नाही. शेवटी ती म्हणाली, "राहू द्या वयनी. तुमाले काय मालूम. काडीच होती ते."

ती भांडली असती तर गोजराबाईंना उत्तर देता आलं असतं. ज्योत्स्ना लहान असताना एकदा त्यांनी तिचं आवडतं परकरपोलकं चिंध्यांत टाकलं होतं, तेव्हा ती तीन दिवस अबोला धरून होती. हे 'राहू द्या' त्याहून जड होतं. त्या उठल्या. चुलीपुढे गेल्या, आत जळून राख झालेल्या जुडीकडे एकदा पाहिलं आणि देकीचा हात धरला.

"बहेन, चूल बंद. अभी एक काडी बी मत डालो."

देकीला शब्द कळले नाहीत, चेहरा कळला. तिने जळती लाकडं मागे ओढली.

गोजराबाईंनी अंगणात पोतं पसरलं, एक जुडी सोडली आणि तूर निवडावी तशी एकेक काडी निवडायला घेतली. ज्योत्स्ना पाट ओढून समोर बसली.

"कसा दिसते तो?"

"काडीसारखाच."

"मग वयखू कसा?"

"कमरेत दोरा असते. बायका लेकरू पाठीले बांधतात ना, तसा."

जुडीमागून जुडी सुटत गेली. देकीही येऊन बसली. काय शोधायचं ते ज्योत्स्नाने तिला जमिनीवर रेघा ओढून दाखवलं. संध्याकाळी गट परतला तेव्हा चूल थंड, चहा नाही, आणि तीन बाया काड्यांच्या ढिगात. पुण्याचे डॉक्टर काही विचारणार होते. किंगाने त्यांना खुणेने थांबवलं आणि स्वतः एक जुडी ओढून घेतली.

शेवटच्या जुडीत गोजराबाईंच्या बोटाला काडीवरचं एक वाळकं पान लागलं. त्या ते बाजूला सारणार, तर ते हललं. अगदी एवढंसं, अंगाला हात लागल्यावर झोपेतलं पोर हलतं तसं.

"बाई," त्या कुजबुजल्या. काडी पुढे करायचाही त्यांना धीर होईना.

ज्योत्स्नाने चष्मा सारखा केला. दोरा शाबूत होता. "वरचं टोक कोणतं ते मी सांगतो. तुमी बांधा."

मग गोजराबाईंनी सिकेटर गुंडाळलेला लुगड्याचा तुकडा फाडला, त्याची चिंधी काढली आणि कलम बांधावं तशी ती काडी खालच्या हिरव्या फांदीला बांधली. सैल नाही, घट्ट नाही. किंगाने वाकून पाहिलं. "निकला तो निकला," तो म्हणाला. खात्री कुणीच दिली नाही.

पुढचा दिवस तसाच गेला. निघायच्या सकाळी किंगाने सामान गाडीत चढवलं. एसटी चुकू नये म्हणून अर्धा तास आधी फाट्यावर उभं राहण्याची गोजराबाईंची जन्माची सवय. पण आज त्या झाडाखाली दगडावर बसल्या होत्या. कोष रात्रीतून काळपट झाला होता.

"वयनी, चाला. सारे थांबून राह्यले."

"तुमी बसा इथं. माह्या हातानं तुटला तो. हा उडल्याबिगर मी गाडीत पाय ठेवत नाई."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. किंगा त्याच्याकडे गेला, काहीतरी बोलला, आणि हॉर्न थांबला.

ऊन झाडावर आलं आणि कोषाला पाठीवर चीर गेली. आधी डोकं, मग ओलं काळं अंग, मग पिळून टाकलेल्या कपड्यासारखे चुरगळलेले पंख. ते काडीवर वर सरकलं आणि लटकून राहिलं. पंख हळूहळू भरत गेले, घड्या उलगडल्या, निळा ठिपका दिसू लागला. ज्योत्स्नाला प्रत्येक गोष्ट समजावून सांगायची सवय, म्हणून गोजराबाई आता ती बोलेल म्हणून वाट बघत होत्या.  तिने तर वहिनींचा पदर मुठीत धरला होता. त्यांच्या लग्नाच्या मांडवातून उठून पळालेली, पाहुण्यांना भिणारी लहान ज्योत्स्ना असाच पदर धरायची.

बऱ्याच वेळाने फुलपाखरू एकदा थरथरलं आणि देकीच्या छपरावरून निघून गेलं.

"चाला," गोजराबाई म्हणाल्या. "आता गाडी सुटली त सुटली."

परत आल्यावर गोजराबाई फार बदलल्या असं कुणी म्हणणार नाही. पानावर अळी दिसली की ती आजही चिमटीत जाते. सल काढताना मात्र त्या प्रत्येक काडी उलटून बघतात. बांधावरून जाताना इंद्रभान विचारतात, "सल काढून राह्यली का तूर निवडून राह्यली?"

शाळा उघडून आठवडा झाला तेव्हा त्यांना लिंबाच्या झाडावर एक कोष सापडला. काडीसकट छाटून त्यांनी तो ओल्या मातीच्या कुंडीत खोचला, वरचं टोक नीट वर ठेवून, आणि कारंज्याला जाणाऱ्या गोविंदसिंगच्या जीपपाशी गेल्या.

"शाळेत ज्योत्स्नाबाईले देजो. आणि सांगजो, बरणीत ठेवू नका मनाव."

गोविंदसिंगने कुंडी हातात घेऊन फिरवून पाहिली. "काकू, वाळली काडी हाय हे."

"तुले दिसते तशी. पुढच्या सीटवर ठेव, आणि खड्ड्यात हळू चालवजो."